बाहेरचं काहीच नाही

डॉक्टरांनी कधी तुम्हाला विचारलं, "बाहेरचं काही खाल्लं होतं का?" तर उत्तर देण्याआधी जरा दम खा. आम्ही दम खाल्ला नाही. "छे छे, बाहेरचं काहीच नाही, सगळं घरचं!" असं मी आणि माझ्या सासूबाईंनी एका सुरात सांगून टाकलं, तेही अशा तोऱ्यात, जणू आमचा पहिला नंबर आला होता. उत्तर अगदी खरं होतं. पण त्या खऱ्या उत्तरापायी माझ्या पोटातलं बाळ जायची वेळ आली.

हे मी कुणाला घाबरवायला लिहीत नाही. आमच्याकडे अजूनही कोंबड्या आहेत आणि मी अजूनही अंडी खाते. पण अंडं हातात घेतलं की क्षणभर थांबते आणि त्याच्याकडे बघत राहते. घरातले हसतात. हसू देत.

ठकी

मी मूळची घाटावरची, पाटणकडची. लग्न झालं आणि कुंभार्ली घाट उतरून अलोऱ्याजवळच्या एका वाडीत आले. नवरा, महेश, मुंबईला नोकरीला. तो गणपतीला येतो, शिमग्याला येतो आणि साहेबाची मर्जी असली तर मधेही येतो. एरवी घरात मी आणि सासूबाई. मी त्यांना आई म्हणते. त्या मला आनंदात असल्या की "गो बाय" म्हणतात आणि चिडल्या की "घाटी" म्हणतात. मी जवळच्याच प्राथमिक शाळेत शिकवते.

आणि तिसरी ठकी.

एका दुपारी मुंगसाने आमच्या मागच्या परड्यातली अख्खी पिलावळ संपवली. एक पिल्लू तेवढं लाकडांच्या ढिगाखाली लपून वाचलं. आईंनी ते टोपलीत घालून चुलीजवळ उबेला ठेवलं, तांदळाच्या कण्या भरवून वाढवलं. तीच ठकी. ती कोंबडी आहे हे आम्ही दोघी सोडून सगळ्या वाडीला माहीत होतं. ती घरभर फिरायची, घडी घातलेल्या अंथरुणावर बसायची, अंडं द्यायचं झालं की माझ्या धुतलेल्या कपड्यांच्या टोपलीत जायची. मी शाळेतून आले की ओटीवर कुरमुरे घेऊन बसायचे, की ही उडी मारून मांडीवर. एक घास मला, एक तिला. महेश फोनवर विचारायचा, "सगळ्या बऱ्या आहात ना?" त्या 'सगळ्या'त ठकी धरलेली असायची.

लग्नाला बरीच वर्षं झाली होती. एकदा दिवस राहिले होते, पण ते तिसऱ्या महिन्यातच गेलं. त्यानंतर आम्ही घरात त्या विषयावर बोलणंच सोडलं. म्हणून या वेळी पाचवा महिना लागला तेव्हा आईंच्या अंगात दहा बायकांचं बळ आलं. रोज सकाळी कोमट दुधात ठकीचं अंडं फोडायचं, साखर आणि जायफळ घालून घुसळायचं आणि माझ्यासमोर पेला घेऊन उभं राहायचं.

"नाक दाब नि पी. गावठी अंडा हाय, ब्रायलरचा न्हाय. ताकद येते."

आमच्या घाटावर कुणाला गावठी म्हटलं तर भांडण होईल. इकडे तो शब्द म्हणजे सरकारी शिक्का. गावठी कोंबडी, गावठी अंडं, गावठी तूप. त्यापुढे शंका काढायची नाही. मी नाक दाबून प्यायचे. खरं सांगते, मला ते आवडायला लागलं होतं. कुणीतरी आपल्यासमोर पेला घेऊन उभं राहतंय, हेच मुळात आवडायला लागलं होतं.

पहिला फटका

एके दिवशी शाळेत असतानाच पोटात कळ आली. घरी पोचेपर्यंत उलट्या, जुलाब, अंग तापलेलं. गावातल्या डॉक्टरांनी सलाईन लावली आणि तो प्रश्न विचारला. आम्ही ते उत्तर दिलं. त्यांनी मान डोलावली, गोळ्या दिल्या. दोन-तीन दिवसांत जुलाब थांबले.

शेजारच्या काकूंना वेगळीच शंका होती. त्यांनी आईंना बाजूला घेऊन हळूच विचारलं, "बाहेरचा काय लागला न्हाय ना?" इकडे बाहेरचं म्हणजे वडापावही आणि तिन्हीसांजेला ओढ्यापलीकडून मागे लागतं तेही. आईंनी कसलीच जोखीम घेतली नाही. देवळात जाऊन गुरवाकडून गाऱ्हाणं घातलं आणि घरी येऊन अंड्याचा पेला सकाळ-संध्याकाळ असा दोनदा सुरू केला. देवालाही सांगून झालं, ताकदीचंही बघून झालं. त्यांच्या बाजूने कुठेही कमी पडलं नाही. पुढे मला हीच गोष्ट सगळ्यात जास्त रडवून गेली.

थोड्याच दिवसांत ताप परत आला, आणि या वेळी थंडी वाजून. दात इतके कडकडले की मला बोलता येईना. आणि पोट दगडासारखं घट्ट व्हायचं, सैल पडायचं, परत घट्ट व्हायचं. मी आईंकडे बघितलं. त्यांनी माझ्या पोटावर हात ठेवला. रिक्षा बोलावली गेली, महेशला फोन गेला आणि आम्ही चिपळूणला निघालो. वाटेत माझं डोकं त्यांच्या मांडीवर होतं. त्या पुटपुटत होत्या, "रव गो बाबा, रव. आताच नको." त्या बाळाला थांब म्हणत होत्या.

पोह्यांचा आवाज

दवाखान्यात डॉक्टर मॅडमनी एकामागून एक प्रश्न विचारले. बाहेरचं खाल्लं? नाही. प्रवास? नाही. दुसरं काही औषध चालू? लोहाच्या गोळ्या. घरात पाळीव प्राणी?

"नाही," मी म्हटलं.

मी खोटं बोलले नाही हो! पाळीव प्राणी म्हणजे कुत्रा, मांजर. ठकी म्हणजे ठकी. आणि कच्चं अंडं औषधात धरायचं हे मला सुचलं नाही, खाण्यात धरायचं हे आईंना सुचलं नाही. प्रश्न अगदी बरोबर होते आणि आम्ही त्यांच्या मधल्या फटींतून निसटून गेलो.

कळा थांबवायची औषधं सुरू झाली. मग मॅडमनी पोटावर गार जेल लावलं आणि ते छोटं यंत्र फिरवायला लागल्या. नुसती खरखर. इकडे फिरवलं, खरखर. तिकडे फिरवलं, खरखर. माझ्या कानात माझंच रक्त आपटत होतं. आणि मग लांबच्या एखाद्या घरात कुणीतरी घाईघाईने पोहे कांडत असावं तसा आवाज आला. धपधपधपधप.

"आहे," मॅडम म्हणाल्या. एवढंच. मी आजवर पुष्कळ शब्द शिकवले आहेत, पण 'आहे' हे क्रियापद इतकं मोठं असतं हे मला त्या दिवशी कळलं.

पुढचे दिवस त्या आवाजाभोवती फिरत राहिले. पहाटे फरशी पुसणाऱ्या मावशी, मग ताप बघणं, मग सलाईनची बाटली बदलणं, मग राऊंड. हाताच्या शिरा इतक्या टोचल्या गेल्या की सिस्टर सुई घेऊन आल्या की आधी त्याच "सॉरी ताई" म्हणायच्या. पण यंत्र घेऊन सिस्टर आल्या की सगळी खोली गप्प व्हायची. शेजारच्या खाटेवर दाभोळच्या एक मासे विकणाऱ्या मामी होत्या, गर्भाशयाच्या ऑपरेशनला आलेल्या. आवाज असा की बंदरावरून हाक मारली तर पलीकडच्या तीरावर ऐकू जावी. त्या मोबाइलवर मालिका बघायच्या, तीही मोठ्याने. पण माझ्या बाळाचे ठोके ऐकायची वेळ झाली की त्या मालिका बंद करायच्या, पदर डोक्यावर घ्यायच्या आणि हात जोडून बसायच्या. आरतीला बसावं तसं. ठोके ऐकू आले की म्हणायच्या, "हाय गो, जोरात हाय!" आणि मालिका परत चालू. मला त्यांचं नावही धड ठाऊक नाही, पण त्या गप्प बसण्याचे उपकार मी विसरणार नाही.

पाहुण्याचं नाव

ताप काही हटत नव्हता. मॅडमनी रक्त तपासायला पाठवलं होतं. मी मास्तरीण, गप्प बसवत नाही. विचारलं, एवढे दिवस का लागतात? त्या म्हणाल्या, रक्तात जंतू असले तरी थोडे असतात, दिसत नाहीत. म्हणून ते रक्त एका बाटलीत घालतात, त्यात जंतूंना आवडेल असं खाणं असतं. उबेला ठेवतात. ते खातात, वाढतात, मग ओळखता येतात.

मी ऐकतच राहिले. म्हणजे आपल्या जिवावर उठलेल्या पाहुण्याला आधी पोटभर जेवू घालायचं, उबेला निजवायचं आणि मग त्याचं नाव विचारायचं! माणसाच्या डोक्याला खरंच हात जोडावेत. तापात होते, तरी मला ते इतकं विलक्षण वाटलं की रात्रभर मी त्या बाटलीचाच विचार करत होते.

नाव आलं ते साल्मोनेला. मॅडम म्हणाल्या, "टायफॉइडच्या घराण्यातलाच, पण हा भाऊ बहुतेक वेळा जनावरांतून आणि अन्नातून येतो. नेहमी पोट बिघडवून निघून जातो. तुमच्या रक्तात उतरलाय. गरोदरपणात अंगाची राखण जरा ढिली असते. बाळापर्यंत पोचायला नको, एवढंच बघायचं आहे."

"आणि पोचला तर?" महेशने विचारलं. तो मुंबईहून आलेला होता, दाढी वाढलेली.

मॅडम विचारात पडल्यासारख्या माझ्याकडे बघत म्हणाल्या, "पण आला कुठून?"

नेमक्या त्याच वेळी आई दारातून आत आल्या. वाडीहून पहिली गाडी पकडून, पदर खोचलेला, हातात स्टीलचा थर्मास. त्यांनी पेला काढला, थर्मासचं झाकण फिरवलं. जायफळाचा वास आला.

"काय आणलंय, आजी?" मॅडमनी सहज विचारलं.

"दूध."

"नुसतं?"

"अंडा फोडलाय त्यात. कच्चाच. घरचा हाय, गावठी. रोज देते मी तिला."

मॅडम ओरडल्या नाहीत. त्यांनी स्टूल पुढे ओढलं, आईंना बसवलं आणि हळूहळू विचारलं. कोंबडी कुठे असते? घरात. कुठे कुठे? सगळीकडे. तिला कोण हात लावतं? दोघी. आई भाबडेपणाने सांगत गेल्या, ठकी कशी वाचली, कशी अंथरुणावर बसते, कशी सुनेच्या मांडीवर बसून कुरमुरे खाते. सांगता सांगता मधेच त्यांचा आवाज बारीक झाला. त्यांना कळलं होतं.

"आई, तुला काही अक्कल आहे का?" महेश ओरडला. सगळ्या खोलीदेखत. मामींनी मालिका बंद केली.

मला राग आला नाही असं म्हणणार नाही. आला. पोटावर हात होता, सुईचा हात सुजला होता आणि समोर तो पेला. मला वाटलं, तो उचलून भिंतीवर फेकावा. मी महेशला गप्प बस म्हणायला हवं होतं, पण माझं तोंड उघडलं नाही. आईंनी थर्मासचं झाकण लावलं, दोनदा घट्ट फिरवलं. "मी ह्या काय केला गो?" असं कुणालाच न विचारता म्हणाल्या आणि बाहेर जाऊन बाकावर बसल्या. त्यानंतर त्या खोलीच्या आत आल्या नाहीत. डबा आणायच्या, सिस्टरच्या हाती द्यायच्या.

ठकीला काहीच होत नाही

मी मॅडमना विचारलं, "मग ठकी मरायला टेकली असेल ना?"

"नाही हो. तिला काहीच होत नाही. ती ठणठणीत असेल."

आणि मग त्यांनी सांगितलं ते मी अजून पचवते आहे. तो जंतू कोंबडीच्या पोटात सुखाने राहतो. विष्ठेतून बाहेर पडतो, पिसांना लागतो, पायांना लागतो, तिथून आपल्या हाताला. कवचाला लागतो. आणि कधी कधी तर अंड्यावर कवच चढायच्या आधीच आत जाऊन बसतो. म्हणजे अंडं स्वच्छ, अखंड, तडा नाही, डाग नाही, आणि आत तो. ज्या अंड्यातून पिल्लू येतं त्याच अंड्यात. मी ते ऐकून कितीतरी वेळ छताकडे बघत पडले होते. भीती होतीच, पण भीतीपेक्षा मोठं काहीतरी होतं. देवळाच्या गाभाऱ्यात डोळे अंधाराला सरावायच्या आधी वाटतं ना, तसं. एवढासा जीव, दिसत नाही, आवाज नाही, आणि तो एका पाखरात पाहुणा, एका बाईत मारेकरी.

"नीट शिजवलं की मरतो," मॅडम म्हणाल्या. "पिवळं घट्ट होईपर्यंत. आणि कोंबडीला हात लावला की साबणाने हात. बस."

बस! एवढ्या मोठ्या गोष्टीला एवढंसं उत्तर, त्याचंही मला नवलच वाटलं.

"तो अंड्यातूनच आला का?" मी विचारलं.

"अंड्यातून की तुमच्या कुरमुऱ्यांतून, आता कोण सांगणार?"

औषध बदललं होतं. एका सकाळी मी डोळे उघडले तर अंग गार होतं आणि मला भूक लागली होती. मामींनी आपल्या डब्यातला मऊ भात दिला. त्या भाताची चव मला अजून आठवते. ठोके चालूच होते. पण बाळापर्यंत काय पोचलं आणि काय नाही, ते जन्मल्यावरच कळणार होतं.

पडवी

घरी आले तर घर बदललं होतं. स्वयंपाकघर शेणाने सारवलेलं नव्हतं, फिनेल शिंपडलेलं होतं. परड्याच्या पार टोकाला जुन्या फळ्यांचं नवं खुराडं उभं होतं. आईंनी स्वतः ठोकलेलं. ठकी तिथे. संध्याकाळी ती जाळीला चोच लावून घराकडे बघत ओरडायची. तिला काय माहीत.

आणि आईंनी आपलं अंथरूण पडवीत नेलं होतं. जेवण तिथे, झोप तिथे. मला काही हवं असलं तर उंबऱ्यापाशी ठेवून मागे सरायच्या. पूर्वी बायका बाहेरच्या बसायच्या ना, कशाला शिवायचं नाही, कुणाला शिवायचं नाही, तशा. सगळी हयात तो विटाळ पाळून झाल्यावर, म्हातारपणी त्यांनी पुन्हा एकदा तो आपणहून अंगावर घेतला.

महेशने माफी मागितली. त्या म्हणाल्या, "तुजा काय चुकला न्हाय." मी उंबऱ्यात बसून सांगितलं, "आई, मॅडम म्हणाल्या की अंड्यातून आला की कुरमुऱ्यांतून, ते कुणालाच सांगता येणार नाही. कुरमुरे तर मीच खात होते, तिला मांडीवर घेऊन."

"माज्या समाधानाला सांगतेस तू."

"खरं सांगतेय."

"व्हय. पण आता पोर येऊ दे. मग बघू."

आत यायला त्यांनी नकार दिला. मी घाटी, त्या कोकणी, दोघींचा हट्ट सारखाच. महिने गेले. माझं पोट वाढत होतं आणि त्या उंबऱ्यापलीकडून ते बघत होत्या. बाळ हललं की मी मुद्दाम मोठ्याने सांगायचे, "आता हललं बघा!" त्या हातातलं काम थांबवायच्या. तेवढंच.

आहे

दिवस भरायच्या थोडं आधीच कळा सुरू झाल्या. पुन्हा तोच दवाखाना, त्याच मॅडम. बाळ बाहेर आलं आणि खोलीत शांतता पसरली. मला आठवतं, त्या शांततेत मी पोहे कांडल्याचा आवाज शोधत होते. मग एक बारीक, चिडलेली किंकाळी आली. मुलगी. लहानखुरी होती. तिला तपासायला घेऊन गेले, रक्त तपासलं, वाट बघायला लावली. मग मॅडम आल्या आणि हसल्या. "काही नाही. हिच्यापर्यंत काहीही पोचलेलं नाही."

मी ढसाढसा रडले. माझ्या रक्तात तो एवढा मातला होता आणि मधे एक पातळसा पडदा, तो त्याने ओलांडला नाही. कुणी अडवला, कसा अडवला, मॅडमनी समजावलं, मला समजलंही. नवल मात्र जराही कमी झालं नाही.

खोलीत आणलं तेव्हा दारात गर्दी. वाडीतल्या दोन बायका, काकू, आणि सगळ्यांच्या मागे आई. सिस्टर म्हणाल्या, "बाळ नाजूक आहे. बाहेरच्यांनी आत यायचं नाही हां."

आईंनी मान हलवली. जसं काही त्यांना ते ठाऊकच होतं. त्या वळल्या आणि बाकाकडे जायला लागल्या.

"सिस्टर," मी ओरडले. टाके ओढले गेले. "त्या बाहेरच्या नाहीत!"

आई थांबल्या. माझ्याकडे बघितलं. मग कोपऱ्यातल्या बेसिनकडे गेल्या. साबण लावला. बोटांच्या मधे, नखांच्या आत, मनगट, कोपरापर्यंत. पाणी घातलं. परत साबण लावला. सिस्टर म्हणाल्या, "आजी, पुरे." त्यांनी ऐकलं नाही. तिसऱ्यांदा धुतले. मग ओले हात तसेच समोर धरून, कशालाही न लागू देता, खाटेपाशी आल्या. बाळाकडे बघितलंसुद्धा नाही. आधी ते हात माझ्या नाकापाशी आणले.

"धुतलंय गो. वास घे."

मी वास घेतला. साबणाचा वास होता, आणि त्याच्या खाली चुलीच्या धुराचा, जो कितीही धुतलं तरी त्या हातांवरून जात नाही. मी बाळ उचललं आणि त्या हातांत दिलं.